खिचडी : गरिबाच्या हंडीचा इतिहास

नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. दुपारी डबे उघडायची वेळ झाली की एक सहकारी हमखास विचारायचा, "काय, आज बिर्याणी का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मुसलमानाच्या घरी रोज बिर्याणी शिजते, असं त्याला खरोखरच वाटत असे. माझ्या डब्यात बहुतेक वेळा मसुरीची खिचडी असायची आणि एका लहान डबीत चिंचेचा खट्टा. एकदा त्याला चव दिली. खाऊन म्हणाला, "अरे, ही तर आमच्या घरचीच खिचडी. फक्त हे आंबट वेगळं आहे."

त्याला झालेलं आश्चर्य मला नंतर बरीच वर्षं आठवत राहिलं. मुसलमानांच्या जेवणाबद्दल जे लिहिलं, दाखवलं आणि विकलं जातं, ते सगळं कबाब, बिर्याणी, कोरमा आणि शाही दस्तरखान याभोवती फिरतं. आपणही तेच मिरवतो. पण मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या सामान्य मुसलमानाच्या चुलीवर शेकडो वर्षं जे शिजत आलं, त्याची आठवण कुणी काढत नाही. या लेखात त्या साध्या हंडीचा इतिहास सांगायचा आहे. तांदूळ, डाळ, मीठ, पाणी आणि जमलं तर चमचाभर तूप. एका भांड्यात, एका जाळावर, सगळ्या घराचं पोट भरणारं जेवण.

खिचडी मुसलमानांनी आणली नाही. संस्कृत ग्रंथांत 'कृसर' नावाचा पदार्थ येतो. तांदळात तीळ किंवा डाळ घालून तो शिजवत. म्हणजे मुसलमान इथे आले तेव्हा ही हंडी आधीच चुलीवर होती. त्यांनी ती खाल्ली, त्यांना ती आवडली आणि त्यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं. आज खिचडीच्या इतिहासाची कितीतरी साधनं फारसी आणि अरबी भाषेत आहेत, त्याचं कारण हेच.

मोरोक्कोतल्या तंजा शहराचा इब्न बतूता 1333 साली सिंधू नदीपाशी पोहोचला. पुढे मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमलं. इथल्या धान्यांची माहिती देताना तो मुगाबद्दल लिहितो. हे लोक मूग तांदळाबरोबर शिजवतात, तुपाशी खातात, त्याला 'किशरी' म्हणतात आणि रोज सकाळी त्याचीच न्याहारी करतात, असं तो सांगतो. आपल्या मुलखातल्या वाचकाला नीट समजावं म्हणून त्याने उपमाही दिली आहे: आमच्या मगरिबमध्ये जशी हरीरा, तशी इथे ही किशरी. हरीरा म्हणजे मोरोक्कोतलं रोजचं दाट सूप, आजही तिथे रोजा त्यावर सोडतात. परक्या देशात आलेल्या या काझीला खिचडी परकी वाटली नाही. तिच्यात त्याला आपल्या घरची हंडी दिसली.

याच इब्न बतूताने आपल्या नंदुरबारचाही उल्लेख केला आहे. तिथल्या मराठ्यांचं जेवण म्हणजे तांदूळ, हिरव्या भाज्या आणि तिळाचं तेल, अशी त्याची नोंद आहे. त्यात ना मांस, ना मसाले. चौदाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या ताटाचं हे थोडक्यात पण नेमकं वर्णन आहे.

आता अकबराच्या मुदपाकखान्यात जाऊ. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी' सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिली. तिच्यात शाही स्वयंपाकाची तीन भागांत विभागणी आहे. पहिल्या भागात बिनमांसाचे पदार्थ येतात, त्यांना 'सूफियाना' म्हटलं आहे. अकबर अनेक दिवस मांस वर्ज्य करत असे, त्या दिवसांसाठी हे पदार्थ होते. खिचडी याच भागात आहे. तिचं प्रमाण असं: तांदूळ 5 शेर, मुगाची डाळ 5 शेर, तूप 5 शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. अकबरी शेर साधारण 630 ग्रॅमचा. म्हणजे तीन किलोपेक्षा थोडे जास्त तांदूळ, तेवढीच डाळ आणि तेवढंच तूप!

हे वाचून आपण हसतो, कारण एवढ्या तुपात खिचडी शिजणार नाही, पोहेल. पण अबुल फझलने आणखी एक उपकार करून ठेवला आहे. त्याच ग्रंथात त्याने धान्याचे भाव आणि मजुरीचे दरही दिले आहेत. ते शेजारी शेजारी मांडले की या हंडीचा खरा इतिहास दिसू लागतो.

त्या काळी 40 दाम म्हणजे एक रुपया आणि 40 शेर म्हणजे एक मण. सुखदास नावाच्या उत्तम तांदळाचा भाव मणाला 100 दाम होता. साठी नावाचा तांदूळ, जो साठ दिवसांत तयार होतो आणि गरीब खातात, तो 20 दाम. मुगाची डाळ 18 दाम. तूप 105 दाम. मीठ 16 दाम आणि गहू 12 दाम, म्हणजे मीठ गव्हापेक्षा महाग. आणि साध्या मजुराची दिवसाची मजुरी? दोन दाम.

आता हिशेब करा. अकबराची ती खिचडी सुखदास तांदळाची धरली, तर तांदळाचे साडेबारा दाम, डाळीचे सव्वादोन, तुपाचे तेरा. एकूण अठ्ठावीस दामांच्या आसपास. म्हणजे मजुराची चौदा दिवसांची कमाई एका पातेल्यात. आता तीच खिचडी मजुराच्या घरी करू. एक शेर साठी तांदूळ अर्ध्या दामाला, अर्धा शेर मुगाची डाळ पाव दामापेक्षाही कमी किमतीला. पाऊण दामाच्या आत चार-पाच माणसांचं एक वेळचं जेवण झालं. तूप मात्र त्याला परवडत नाही. एक शेर तूप घ्यायचं म्हटलं तर सव्वा दिवसाची मजुरीही पुरत नाही.

दोन्ही खिचड्यांत डाळ तीच, मीठ तेच. तांदूळ थोडा बारीक किंवा जाड. खरा फरक तुपाचा. बादशहाची हंडी आणि मजुराची हंडी यांच्यामधली भिंत धर्माने घातलेली नाही, ती तुपाच्या भावाने घातली आहे.

हा माझा तर्क नाही, त्या मजुराचं जेवण पाहिलेल्या माणसाची साक्ष उपलब्ध आहे. फ्रान्सिस्को पेलसर्ट हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जहांगीरच्या काळात आग्र्याला होता. 1626 च्या सुमारास त्याने आपल्या वरिष्ठांसाठी अहवाल लिहिला. त्यात कारागीर आणि मजूर कसे जगतात याचं वर्णन आहे. त्यांच्या रोजच्या एकसुरी जेवणात थोडी खिचडी असते, मूग आणि तांदूळ पाण्यात, लहानशा जाळावर, पाणी आटेपर्यंत शिजवलेली. संध्याकाळी ती गरम गरम, थोड्या लोण्याशी खातात. दिवसा भाजलेलं कडधान्य चघळून वेळ काढतात. थंडीच्या रात्री घराच्या दारात गोवऱ्यांचा जाळ करून शेकत बसतात. ज्या आग्र्याचे महाल पाहायला आज जग येतं, ते महाल बांधणाऱ्या हातांचं जेवण हे होतं. त्यात हिंदूही होते, मुसलमानही होते. पेलसर्टने त्यांच्या हंड्या वेगळ्या मोजल्या नाहीत, कारण त्या वेगळ्या नव्हत्याच.

दक्षिणेतलं चित्र पाहिलं तर हे आणखी बोचतं. 1443 साली विजयनगरला आलेल्या अब्दुर रज्जाकने लिहिलं आहे की राजाच्या हत्तींना खिचडी शिजवून देतात. तिच्यात मीठ आणि साखर घालून, गोळे करून, लोण्यात बुडवून भरवतात. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तेव्हा तिथे बहामनी राज्य होतं. सोबत त्याने विकायला घोडा आणला होता. इथे घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, हे त्याने टिपून ठेवलं. एक राजा हिंदू, एक सुलतान मुसलमान. दोघांच्याही जनावरांना जी खिचडी मिळत होती, ती मजुराच्या ताटातल्या खिचडीपेक्षा पौष्टिक होती. गरिबाच्या बाबतीत राज्यकर्त्यांचा धर्म किती उपयोगी पडतो, हे समजून घ्यायला एवढी दोन उदाहरणं पुरेत.

अर्थात राजांनाही ही हंडी मनापासून आवडायची. गुजरातच्या मुक्कामात जहांगीरने बाजरीची खिचडी खाल्ली. तिथले लोक तिला 'लज़ीज़ा' म्हणत. त्याला ती इतकी पसंत पडली की मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ती आपल्याला वरचेवर देत जावी, असा हुकूम त्याने दिला. हे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. औरंगजेबाने मुलाला लिहिलेल्या एका पत्रात हिवाळ्यात खाल्लेल्या खिचडी आणि बिर्याणीच्या चवीची आठवण काढली आहे. दोन्ही पदार्थ एकाच वाक्यात, एकाच मायेने. बादशहाला त्यात कमीपणा वाटला नाही. तो आपल्याला वाटू लागला, त्याकडे मी शेवटी येणार आहे.

ही हंडी पुढे समुद्रापारही दिसते. इराकमध्ये तांदूळ आणि मसुरीच्या जेवणाला 'किचरी' म्हणतात, इजिप्तमध्ये 'कुशरी' गल्लोगल्ली मिळते. नावातलं साम्य कानाला लगेच जाणवतं. हिंदी महासागरावर माणसं, जहाजं आणि धान्य शतकानुशतकं ये-जा करत होती. सोनं-मोती नेणाऱ्यांची नावं बखरीत आली. डाळ-तांदूळ नेणारे खलाशी आणि हाजी मात्र निनावी राहिले.

हा पदार्थ एवढा टिकला कसा? त्याला काही साधी कारणं आहेत. पहिलं, जळण. भात वेगळा, वरण वेगळं, भाजी वेगळी करायची तर तीन भांडी आणि तिप्पट जाळ लागतो. ज्या घरात लाकूड-गोवऱ्या मोजून वापरतात, तिथे एक भांडं हीच मोठी बचत. दुसरं, पोषण. आपल्या शरीराला लागणारं लायसिन नावाचं द्रव्य तांदळात कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी, ते तांदळातून मिळतं. दोन्ही एकत्र खाल्लं की मांस न खाणाऱ्यालाही बऱ्यापैकी प्रथिनं मिळतात. आमच्या आजीला लायसिन माहीत नव्हतं. पण "निस्ता चावल खाए तो ताकत कहाँ से आएगी, दाल डाल," हे तिला माहीत होतं. तिसरं कारण, वाढवता येणं. पाहुणा आला तर पाणी वाढवा, खिचडी पातळ होते पण पुरते. अम्मी म्हणायची, "चावल कम है तो पानी बढा, मेहमान को ना मत बोल."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मराठवाड्यात भात हे रोजचं अन्न कधीच नव्हतं. आमच्या भागात ज्वारी पिकते, हिंदू असो की मुसलमान, रोजची भाकरी ज्वारीचीच. भात सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. कोकणातल्या मुसलमानांचं उलट आहे. तिथे भात, तांदळाची भाकरी आणि मासळी हेच रोजचं. म्हणजे इथेही ताट धर्माने ठरलं नाही, जमीन आणि पाऊस यांनी ठरवलं. आमच्याकडे तांदूळ गरिबाच्या घरात नेमाने येऊ लागला तो रेशनच्या दुकानामुळे. 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं, पुढे स्वस्त धान्याची व्यवस्था खेड्यापर्यंत पोहोचली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये किलो झाला आणि 2023 पासून माणशी 5 किलो धान्य मोफत मिळू लागलं. ज्वारी महाग आणि तांदूळ फुकट, असं उलटं चित्र आज मराठवाड्यात आहे. त्यामुळे खिचडी आता हौसेची राहिली नाही, अनेक घरांत ती आठवड्यातून चार वेळा होते.

आमच्या घरची रीत सांगतो, कारण इतिहास नुसता वाचून पोट भरत नाही. दोन वाट्या रेशनचा तांदूळ, एक वाटी मसूर डाळ. दोन्ही निवडून, धुऊन अर्धा तास भिजत ठेवायचं. पातेल्यात दोन चमचे तेल तापवून जिरं, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि एक उभा चिरलेला कांदा लाल करायचा. आलं-लसणाचं वाटण, चिमूटभर हळद, मीठ. मग तांदूळ-डाळ घालून दोन मिनिटं परतायची आणि सहा वाट्या उकळतं पाणी घालायचं. पाणी आटत आलं की झाकण ठेवून जाळ अगदी कमी करायचा आणि दहा-बारा मिनिटं दम द्यायचा. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडं जास्त लागतं. खिचडी मोकळी राहिली पाहिजे, पण कोरडी नको.

खट्टा हा तिचा जोडीदार. तीळ आणि शेंगदाणे प्रत्येकी दोन चमचे कोरडेच भाजून बारीक वाटायचे. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढायचा. दोन्ही एकत्र करून, हवं तेवढं पाणी घालून पातळ करायचं. त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. वरून लाल मिरची आणि जिऱ्याची फोडणी. हा शिजवायचा नसतो, जळण लागत नाही. घरात पैसे असतील त्या दिवशी सोबत कीमा, नसतील त्या दिवशी भाजलेला पापड. हैदराबादपासून बीड-परभणीपर्यंत जुन्या निजामी मुलखात खिचडी आणि खट्टा आजही न्याहारीला खातात. इब्न बतूताने सकाळची किशरी लिहून ठेवली, त्याला जवळजवळ सात शतकं होत आली.

आता त्या कमीपणाबद्दल. आपल्या समाजात खिचडीला हळूहळू उतरती कळा लागली. ती आजाऱ्याची, नाही तर महिनाअखेरीची. पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटते. लग्नात तर बिर्याणीशिवाय चालतच नाही. माझ्या माहितीतल्या एका घरात बाप हमाली करायचा. मुलीच्या लग्नात पाचशे माणसांची बिर्याणी दिली नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याने कर्ज काढलं. लोक जेवले, मटणाचे तुकडे कमी पडले म्हणून नावं ठेवून गेले. कर्ज मात्र तीन वर्षं फिटलं नाही. वलीमा साधा असावा, त्यात गरिबाला बोलवावं, ही शिकवण आपल्याला आहे. पण बाहेरच्या जगाने आपल्यावर बिर्याणीचा शिक्का मारला आणि आपण तो शिक्का अभिमानाने मिरवत कर्जबाजारी होत गेलो. "तुमच्याकडे रोज बिर्याणी असेल" असं म्हणणारा माझा सहकारी आणि "बिर्याणी नसेल तर इज्जत कसली" असं म्हणणारा माझा नातेवाईक, दोघांची चूक एकच आहे. दोघांनाही गरीब मुसलमानाची हंडी दिसत नाही.

आजमितीला ही हंडी सर्वात मोठ्या प्रमाणावर कुठे शिजत असेल तर ती शाळेत. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश दिला. त्यानंतर आपल्याकडे "शाळेतली खिचडी" हा शब्दच रूढ झाला. प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 5 ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं होतं. अकबराच्या खिचडीत तांदळाइतकं तूप होतं, या खिचडीत तांदळाच्या विसाव्या भागाइतकं तेल. चारशे वर्षांनंतरही गरिबाच्या मुलाच्या वाट्याला तुपाचा वाटा येत नाही. त्या तेलासाठी, डाळीसाठी, अंड्यासाठी भांडायला हवं. आपण भांडतो मात्र कुणाच्या डब्यात काय आहे यावरून.

गेल्या वर्षी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत काही कामाने गेलो होतो. दुपारची सुट्टी झाली, मुलं व्हरांड्यात ओळीने बसली. पोरींमध्ये दोघी-तिघींच्या डोक्यावर ओढणी होती, बाकीच्यांच्या कपाळावर टिकल्या. स्वयंपाकीण बाई पळीने खिचडी वाढत होत्या. एक मुलगा ताट पुढे करून म्हणाला, "मावशी, खालची द्या, खरपूस." बाईंनी हसून तळाची करपलेली खिचडी खरवडून त्याच्या ताटात घातली. लगेच शेजारचा म्हणाला, "मला पण." लहानपणी हंडीच्या तळाच्या त्या खरपुडीसाठी आम्ही भावंडं भांडायचो. त्या पोरांची नावं काय, हे मी विचारलं नाही.